दोन तुकड्यांतले जनुक: आनुवंशिक बहिरेपणावरील उपचाराची कुळकथा

आनुवंशिक बहिरेपणावरील जनुकोपचाराचे कूळ शोधत मागे गेल्यास सर्वांत जुना धागा जपानमधील हौशी लोकांनी पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या ‘नाचऱ्या उंदरां’पर्यंत जातो. हे उंदीर स्वतःभोवती गरगर फिरत, मान सतत हलवत आणि मोठ्या आवाजानेही दचकत नसत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांनी 1907 मध्ये त्यांच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. ज्याला नाच म्हणून दाद मिळत होती तो वस्तुतः अंतर्कर्णाचा आजार होता. कवटीच्या हाडात दडलेल्या या अंतर्कर्णात ऐकण्याचे काम करणारा शंखाकृती कर्णावर्त आणि शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकांना लागूनच असतात, आणि ध्वनीची असो वा हालचालीची, नोंद घेण्याचे काम दोन्हीकडे एकाच घराण्यातल्या पेशी करतात. माथ्यावर सूक्ष्म तंतूंचे झुपके असल्यामुळे त्यांना केशपेशी म्हणतात. झुपक्यातले तंतू एकमेकांना बांधून ठेवणारे कॅढेरिन-23 हे प्रथिन बिघडल्यामुळे या उंदरांचे ऐकणे आणि तोल दोन्ही गेले होते. याच प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे माणसात अशर विकाराचा एक प्रकार होतो, हे 2001 मध्ये सिद्ध झाले. या प्रकारातले मूल जन्मतः बहिरे असते, तोल नसल्याने उशिरा चालू लागते आणि पुढे त्याची दृष्टीही मंदावत जाते.

दुसरा धागा कुटुंबांचा आहे. जन्मजात बहिरेपणाचे बहुतेक आनुवंशिक प्रकार अप्रभावी असतात, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल बहिरे होते, आणि रक्ताच्या नात्यात लग्ने होत असतील तर असा योग अधिक वेळा जुळून येतो. अशा जनुकांची संख्या शंभराहून अधिक असल्याने अनेक कुटुंबांची माहिती एकत्र केल्यास निरनिराळी कारणे एकमेकांत मिसळतात, म्हणून संशोधकांनी एकेक मोठे कुटुंब स्वतंत्रपणे अभ्यासण्याचा मार्ग धरला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील क्रिस्तीन पती यांच्या गटाने 1994 मध्ये ट्युनिशियातील कुटुंबांवरून अशा एका जनुकाची गुणसूत्रावरील जागा प्रथम निश्चित केली. 1995 मध्ये भारतातील आप्तविवाह असलेल्या कुटुंबांवरून आणखी एक जागा सापडली, आणि 1996 मध्ये एका लेबनीज कुटुंबाने संशोधकांना क्रमांक दोनच्या गुणसूत्रापाशी आणले. तेथील जनुक 1999 मध्ये ओळखले गेले. ते ‘ओटोफर्लिन’ नावाचे प्रथिन घडवते.

ओटोफर्लिन नेमके करते काय, हे 2006 मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी स्पष्ट केले. ध्वनीमुळे केशपेशीत विद्युतबदल घडला की पेशीच्या तळाशी साठवलेले रासायनिक संदेशवाहक बाहेर पडतात आणि श्रवणतंतू चेतवला जातो. ओटोफर्लिन नसेल तर हा शेवटचा टप्पाच होत नाही. पेशी जिवंत असते, तिचा झुपका शाबूत असतो, श्रवणतंतूही धड असतो, पण पेशीकडून तंतूला संदेश जात नाही. (या जनुकातील एका विशिष्ट दोषात तर व्यक्ती ताप चढला की बहिरी होते आणि ताप उतरला की तिला पुन्हा ऐकू येऊ लागते.) सस्तन प्राण्यांच्या कर्णावर्तात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही, आणि आनुवंशिक बहिरेपणाच्या अनेक प्रकारांत या पेशी लवकरच नष्ट होतात. ओटोफर्लिनच्या बहिरेपणात मात्र त्या बराच काळ टिकून राहतात, आणि रुग्णसंख्या अल्प असूनही उपचारासाठी याच विकाराची निवड प्रथम झाली ती या एका कारणामुळे.

तिसरा धागा जनुक पेशीपर्यंत वाहून नेणाऱ्या विषाणूचा, आणि त्याचे मूळ सर्वांत क्षुल्लक. 1965 मध्ये रॉबर्ट अॅचिसन आणि सहकाऱ्यांना अॅडिनोविषाणूच्या नमुन्यांत अतिसूक्ष्म कण भेसळीसारखे मिसळलेले दिसले. दुसऱ्या विषाणूच्या साहाय्यावाचून न वाढणारा आणि माणसात कोणताही ज्ञात रोग न करणारा हा विषाणू आज ‘एएव्ही’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. निरुपद्रवी असल्यामुळेच त्याचे स्वतःचे जनुक काढून टाकून त्याजागी हवे ते जनुक भरण्याची कल्पना पुढे आली, आणि उंदरांच्या अंतर्कर्णात असे वाहक वापरून 2012 मध्ये जन्मजात बहिऱ्या उंदरांना ऐकवण्यात सॅन फ्रान्सिस्कोतील गटाला यश आले. ओटोफर्लिनपुढे मात्र अडचण होती ती आकाराची: या प्रथिनाची संहिता सुमारे 6,000 अक्षरांची, तर विषाणूच्या पोटात मावतात जेमतेम 4,700. यावर काढलेला तोडगा या कुळकथेतील सर्वांत कल्पक भाग म्हणावा लागेल. जनुकाचे दोन तुकडे करून ते दोन निराळ्या विषाणूंत भरतात. दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरले की तेथे तुकड्यांची टोके जुळतात, मधला अनावश्यक भाग पेशीच कापून टाकते आणि अखंड प्रथिन तयार होते. पॅरिस आणि ग्यॉटिंगेन येथील गटांनी 2019 मध्ये ही युक्ती उंदरांत यशस्वी करून दाखवली.

माणसाच्या अंतर्कर्णात जनुक सोडण्याचा पहिला प्रयत्न याआधीच, 2014 मध्ये, अमेरिकेतील कॅन्सस येथे झाला होता. पण त्यात नव्या केशपेशी उगवण्याची अपेक्षा होती आणि ती फळाला आली नाही. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयात डिसेंबर 2022 मध्ये ओटोफर्लिनचा उपचार प्रथम दिला गेला. सहा मुलांच्या एकेका कानात औषध सोडल्यावर त्यांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागले आणि त्यांचा ऐकण्याचा उंबरठा सरासरी 40 ते 57 डेसिबलने खाली आला, असे ‘लॅन्सेट’ने जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध केले. तोलाची बाजू अजून मागे आहे. अशर विकाराच्या उंदरांत 2013 आणि 2017 मधील प्रयोगांनी ऐकणे आणि तोल दोन्ही बऱ्याच अंशी परत आणले. परंतु उपचार जन्मानंतर अगदी थोड्या दिवसांत द्यावा लागला, आणि उंदराचे पिल्लू जन्मतः ऐकत नसते, तर माणसाचा अंतर्कर्ण गर्भातच पक्व होतो, हा फरक लक्षात घेता त्या यशावरून माणसाबद्दल थेट अनुमान काढणे घाईचे ठरेल.

या उपचाराचा लाभ ज्यांना होऊ शकतो ती मुले सापडण्यात मात्र एक साधा अडथळा आहे. नवजात बालकांच्या श्रवणतपासणीत अनेक ठिकाणी वापरली जाणारी ‘ओएई’ चाचणी बाहेरच्या रांगांतील केशपेशींचा प्रतिध्वनी मोजते, आणि ओटोफर्लिनच्या दोषात त्या पेशी शाबूत असल्यामुळे पूर्ण बहिरे बाळही या चाचणीत उत्तीर्ण होते. श्रवणतंतूपासून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासणारी ‘बेरा’ चाचणीच हा दोष उघड करते. घराण्यात जन्मजात बहिरेपणा असेल किंवा पालकांचे लग्न नात्यात झाले असेल, तर केवळ ओएईच्या निष्कर्षावर न थांबता बाळाची बेरा चाचणी आग्रहाने करून घ्यावी.