सरोवरगाळ आणि आकस्मिक हवामानबदल

सरोवराच्या तळाशी साठलेल्या गाळाच्या थरांवरून प्राचीन हवामानाचा, त्यातही काही वर्षांत किंवा दशकांत घडून आलेल्या मोठ्या बदलांचा शोध घेणारी पुराहवामानशास्त्रातील अभ्यासपद्धती. असे बदल गाजले ते ग्रीनलंडच्या बर्फातील नोंदींमुळे. पण त्यांची पहिली खूण सापडली ती तळ्याच्या गाळातच. डेन्मार्कमधील आलेरोड येथे मातीच्या खाणीत एका जुन्या तळ्याचा गाळ उघडा पडला होता. हार्ट्स आणि मिल्थर्स या भूवैज्ञानिकांनी १९०१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. खाली थंड, उघड्या माळरानाच्या काळातील चिकणमाती, तिच्यावर उबदार काळातील काळपट सेंद्रिय गाळ आणि त्यावर पुन्हा थंडीची चिकणमाती, असा तो क्रम होता. थंडीच्या थरांत ड्रायस या ध्रुवीय प्रदेशातील फुलझाडाची पाने मिळतात. हिमयुग ओसरत असताना परतलेल्या या थंडीच्या काळाला म्हणून यंगर ड्रायस म्हणतात. तो सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा आहे. (या शास्त्रात ‘वर्षांपूर्वी’ म्हणजे इ. स. १९५० च्या आधी.)

गाळ कसा नोंद ठेवतो : पावसाबरोबर वाहून आलेली माती, वाऱ्याने आणलेली धूळ व परागकण, पाण्यातच वाढलेले शैवाल, शिंपले आणि पाण्यातून साखळलेले क्षार असे सगळे तळाशी बसते. तळाच्या पाण्यात प्राणवायू नसेल, तर गाळ उकरणारे किडे तिथे जगत नाहीत आणि थर जसेच्या तसे राहतात. अशा सरोवरांत ऋतूंनुसार फिकट व गडद थरांची जोडी तयार होते. एक जोडी म्हणजे एक वर्ष. स्वीडनमधील येरार्ड डे येर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा वार्षिक थरांची मोजणी करून हिमयुगानंतरचे कालपत्रक मांडले. १९१६ मध्ये लेनार्ट फॉन पोस्ट यांनी परागकणांची टक्केवारी थरागणिक मांडून वनस्पतींचा इतिहास वाचण्याची रीत रूढ केली.

तराफ्यावरून तळात पोकळ नळी खुपसून गाळाचा लांब दंडगोल, म्हणजे गाभा, काढतात. प्रयोगशाळेत तो उभा चिरून दोन भाग करतात. एक तपासणीसाठी, दुसरा जपून ठेवण्यासाठी. चिरल्या चिरल्या थर ठळक दिसतात. पण हवा लागली की लोहाची संयुगे गंजू लागून रंग बदलतो. म्हणून छायाचित्रे तत्काळ घ्यावी लागतात. पुढची तपासणी अनेक अंगांनी होते. परागकणांवरून झाडोरा कळतो, करंडक वनस्पतींच्या (डायाटमांच्या) सिलिकायुक्त कवचांवरून पाण्याची स्थिती, डासासारख्या बिनचावऱ्या माशांच्या अळ्यांच्या डोक्यांवरून उन्हाळ्याचे तापमान. शिंपल्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पाऊस आणि बाष्पीभवन यांच्या तोलानुसार बदलते.

घड्याळाचा प्रश्न : बदल आकस्मिक होता हे ठरते ते कालमापनावर, आणि या क्षेत्रातील बहुतेक वादांचे मूळही तिथेच आहे. जर्मनीतील आयफेल प्रदेशातल्या मेअरफेल्डर मार या ज्वालामुखी विवरातील सरोवराचे उदाहरण त्यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. आखिम ब्राउअर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले, की यंगर ड्रायसच्या आरंभी तेथील वार्षिक थरांचे स्वरूप एका वर्षावरून दुसऱ्या वर्षावर जाताना बदलते. थर जाड होतात आणि लोहयुक्त सायडराइट घटते. हिवाळी वादळवारे वाढून सरोवर ढवळले जाऊ लागले, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि हा क्षण १२,६७९ वर्षांपूर्वी ठेवला. ग्रीनलंडमध्ये थंडी सुरू झाली ती सुमारे १७० वर्षे आधी. त्यामुळे युरोपला हा बदल उशिरा पोहोचला, असे मानले गेले व त्याची कारणमीमांसाही झाली.

याच सरोवरात लाखर झे ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या राखेचा थर आहे. त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या झाडांच्या वर्षवलयांवरून २०२१ मध्ये उद्रेकाची तारीख १३,००६ वर्षे (९ वर्षे अधिक-उणे) अशी निश्चित करण्यात आली. ती पूर्वीच्या अंदाजापेक्षा शंभराहून अधिक वर्षे जुनी निघाली. राखेबरोबर सरोवराचे सगळे कालपत्रक मागे सरकले आणि ग्रीनलंड व जर्मनी यांच्यातील अंतर जवळजवळ मिटले. थरांमधला एका वर्षातला पालट मात्र आहे तसाच खरा राहिला. गाळाचे वाचन आणि त्याचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

अवशेषांचे वय काढणाऱ्या कार्बन–१४ पद्धतीलाही मर्यादा आहे. चुनखडीच्या प्रदेशातील पाण्यात मुळातच जुना कार्बन असतो, त्यामुळे शिंपले व पाणवनस्पती खऱ्यापेक्षा म्हातारे भासतात. काठावरून पडलेली पाने आणि काटक्या अधिक भरवशाच्या. जपानमधील सुइगेत्सू सरोवरातून २००६ मध्ये काढलेल्या गाभ्यात थरांची मोजणी आणि अशा अवशेषांची शेकडो कालमापने एकत्र आली. जगभर वापरल्या जाणाऱ्या कार्बन–१४ च्या अंशांकनाला त्यांचा मोठा आधार आहे.

भारतातील नोंदी : राजस्थानातील सांभर, डिडवाणा व लूणकरणसर या खाऱ्या तळ्यांतील परागकणांवर गुरदीप सिंग यांनी १९७० च्या सुमारास काम केले आणि वाढत्या कोरडेपणाचा संबंध सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासाशी जोडला. १९९९ मध्ये लूणकरणसरच्या नव्या कालमापनातून ते तळे या संस्कृतीच्या भरभराटीपूर्वीच आटले होते असे दिसले, आणि ती जोडणी डळमळली. २०१४ मध्ये हरियाणातील कोटला डहर या लुप्त तळ्यातील गोगलगायींच्या शंखांमध्ये, सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी, ऑक्सिजन–१८ या समस्थानिकाचे प्रमाण एकाएकी वाढलेले आढळले, म्हणजे बाष्पीभवनाच्या मानाने पाऊस घटला होता, मॉन्सून दुबळा झाला होता. ही दोन तळी एकमेकांना खोटी पाडतात असे नाही. थरचे वाळवंट आणि हरियाणाचे मैदान यांचा पाऊस सारखा नव्हता आणि तळेही आपल्या खोलीप्रमाणे लवकर वा उशिरा आटते. एका तळ्यावरून साऱ्या संस्कृतीचा निवाडा करणे म्हणूनच धोक्याचे.

महाराष्ट्रातील महत्त्वाची नोंद बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची. उल्काघाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या या विवरातील अल्कधर्मी सरोवरातून काढलेला सुमारे १० मीटर लांबीचा गाभा जवळपास ११,००० वर्षांचा आहे. सुष्मा प्रसाद व सहकाऱ्यांना त्यात गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक दोन पट्ट्यांत मिळाले. पाणी फार आटून क्षारता वाढली तरच तो तयार होतो. त्यांच्या २०१४ च्या निबंधानुसार हे अवर्षणाचे काळ ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे आहेत. दुसरा काळ सातवाहनांपासून यादवांच्या अस्तापर्यंतच्या राजवटी सामावून घेतो. मात्र लोणारचे कालमापन कार्बन–१४ वर आधारलेले आहे. त्यामुळे या अवर्षणांच्या सीमा शतकांच्या हिशेबाने समजतात. आयफेलप्रमाणे एका वर्षातला पालट तिथे दाखवता येत नाही.