पाखरांचा कौल

बेंगळूरला इंग्रजांची छावणी पडली ती १८०९ साली. मद्रास इलाख्यात गोऱ्या पलटणी त्याआधीच स्थिरावल्या होत्या. छावणी आली की तिच्यामागोमाग बंदूक खांद्यावर टाकून रानोमाळ हिंडणारे हौशी शिकारी येत. ज्याच्या बांधावरून ते जात त्या कुणब्याने काय करावे? लढाया आणि तह यांच्या गर्दीत इतिहासकारांना या प्रश्नाकडे पाहण्यास फारशी सवड झालेली नाही. परंतु चेंगलपट्टू जिल्ह्यातील वेडंतांगल या गावाने त्याचे एक उत्तर दिले, आणि त्यासाठी वापरलेला शब्द आपल्याच दप्तरांतला आहे: कौल.

वेडंतांगल म्हणजे व्याधांचा पाडा. एके काळी आसपासचे जमीनदारच येथे शिकारीस येत. गावच्या तलावातील झाडांवर दर हिवाळ्यात बगळे, पाणकावळे, मुग्धबलाक घरटी करतात. त्यांची विष्ठा पाण्यात मिसळते आणि ते पाणी शेतात गेले की खताचे काम आपोआप होते. गावकऱ्यांच्या पक्षिप्रेमात हा हिशेबही होता. त्यामुळे ते प्रेम उणे ठरत नाही. उलट अधिक टिकाऊ झाले, असे मला वाटते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या शिपायांनी येथे पक्षी मारले. गावकरी उठले, पण काठ्या घेऊन नव्हे. ते कलेक्टर लायनेल प्लेस याच्याकडे गेले आणि पाखरांना अभय देणारा लेखी कौल त्याच्याकडून मिळवून परतले. पेशवाईत उजाड गावाची लावणी व्हावी म्हणून सरकार रयतेस असाच कौल देई. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘वचन’. रयतेला द्यावयाचे वचन येथे पाखरांच्या नावे लिहून घेतले गेले.

यातील धोरणीपणा कायदा जाणणाऱ्यांस विशेष पटेल. रानपाखरू कोणाच्याच मालकीचे नसते. तेव्हा चोरीची फिर्याद चालत नाही. पुढे १८६० च्या दंडसंहितेनेही परक्याच्या जमिनीत नुसते शिरणे गुन्हा मानले नाही. अपराध करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागे. शिकारी म्हणणार, मी पाखरामागे आलो, मालकाशी माझे काय वैर! अशा स्थितीत मालकाला आधार एकच, वरिष्ठाची लेखी आज्ञा.

तीही सर्वत्र मिळत नसे. ईजिप्तमधील दिनशवाई गावी १३ जून १९०६ रोजी इंग्रज अधिकारी कबुतरे मारण्यास आले. ही कबुतरे तर गावकऱ्यांनी पाळलेली. आदल्या वर्षीही त्यांनी हरकत घेतली होती, पण ती ऐकली कोणी? झटापट झाली, गावातील एक स्त्री गोळीने जखमी झाली, आणि पळून जाणारा एक अधिकारी उन्हाने मेला. खास न्यायासनापुढे बावन्न गावकरी उभे करण्यात आले आणि पंधरवड्याच्या आत चौघांना फाशी झाली. त्या गावकऱ्यांना उतावळे म्हणणे सोपे आहे. पण ज्या दारी कौल मागावयाचा तेच बंद असेल, तर वेडंतांगलचा शहाणपणा त्यांनी कोठे वापरावा?

वेडंतांगलच्या लोकांनी कौल मिळवून स्वस्थता धरली नाही. राज्य बदलले की जुन्या सनदा कशा निर्जीव होतात, हे आपणां नोकरपेशांस सांगावयास नको. १८५८ साली, म्हणजे कंपनीचा अंमल संपला त्याच वर्षी, त्यांनी कौल पुन्हा करून घेतला. १९३६ साली तलावाला अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली.

आपल्या बेंगळूरजवळचे उदाहरण पाहावयाचे तर म्हैसूरच्या वाटेवर, मद्दूर तालुक्यात, कोक्करे बेळ्ळूर आहे. कन्नडमध्ये कोक्करे म्हणजे करकोचा. गावातल्या चिंचांवर चित्रबलाक आणि पाणकोळी घरटी करतात. पक्षिशास्त्रज्ञ जेर्डन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच त्यांची नोंद केली होती. प्लेगमुळे गाव शिमशेकाठची जागा सोडून हलले तेव्हा पाखरेही मागोमाग आली, असे तेथे सांगतात. बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणींसारखा त्यांचा मान. येथे सरकारी कागद आला तो फार उशिरा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर. २००७ साली गाव राखीव क्षेत्र झाले. घरट्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते, त्याबद्दल वनखाते झाडाच्या मालकास काही रक्कम देत आले आहे. पण त्यापूर्वी कित्येक पिढ्या ही चिंच मालकांनी आपल्या पदरची सोडलेली होती.