हसतो कोण, कोणाला?

प्रस्थापितांचा विनोद खालच्या थरातल्या माणसाला हसण्यावरच पोसला गेला आहे. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसाची नक्कल करीत आणि गोरे प्रेक्षक पोट धरून हसत. हे हसू उलटे फिरवण्यात ग्रामोफोनच्या तबकड्यांचा मोठा वाटा आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास समजून घ्यावा असे मला वाटते.

१९५६ साली लॉस एंजेलिसच्या डुटो कंपनीने रेड फॉक्स या काळ्या कलावंताच्या चावट विनोदांची तबकडी काढली. कंपनीचा मालकही काळाच होता. रेडिओने जे कधीच ऐकवले नसते ते लोक घरी जमून ऐकू लागले. कित्येक दुकानांत अशा तबकड्या लपवून विकल्या जात. १९६१ साली डिक ग्रेगरीने गोऱ्यांपुढे उभे राहून वर्णभेदावरच विनोद केले. त्यांचीही तबकडी निघाली. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या लढ्यात तो तुरुंगातही गेला.

रिचर्ड प्रायर याच्याही पुढे गेला. १९७४ सालच्या ‘दॅट निगर्स क्रेझी’ या तबकडीच्या नावातच गोऱ्यांनी दिलेली शिवी होती. आजीच्या कुंटणखान्यात वाढलेल्या या माणसाने दारुडे, नशेबाज, पोलिसांना भ्यालेली माणसे त्यांच्याच बोलीत उभी केली. तबकडीला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी, १९७२ साली, मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली होती आणि ‘गोलपिठा’ने मराठी कवितेत वस्तीची भाषा आणली होती. सभ्यतेच्या नावाने नाके मुरडणारे दोन्हीकडे होते.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. १९७९ साली केनियाला जाऊन आल्यावर प्रायरने ती शिवी सोडली. तिथे त्या शब्दात बसणारा एकही माणूस त्याला दिसला नव्हता. २००५ साली त्याच्याच वाटेने आलेल्या डेव्ह शॅपेलने आपली गाजलेली दूरचित्रवाणी मालिका अर्ध्यावर टाकली. चित्रीकरणाच्या वेळी एका गोऱ्या माणसाचे हसणे त्याला खटकले होते.

मला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. आपल्यावर फेकलेली जातीची शिवी आपण कवितेत, जलशात उचलतो तेव्हा तिची धार शत्रूकडे वळते खरी. पण ऐकणारे बदलले की तीच धार पुन्हा आपल्याकडे वळू शकते. समोरचा व्यवस्थेला हसतो आहे की आपल्याला, हे प्रत्येक कार्यक्रमात नव्याने पाहिले पाहिजे.