माहिती देणे आणि पुरस्कार करणे : बर्कली विद्यापीठातील १९६४ चा भाषणस्वातंत्र्याचा वाद

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दक्षिण प्रवेशद्वारापाशी, टेलिग्राफ व बँक्रॉफ्ट हे दोन रस्ते मिळतात तेथे, विटांच्या फरसबंदीची २६ फूट रुंदीची एक पट्टी होती. विद्यार्थ्यांच्या संघटना तेथे घडीची मेजे मांडीत, पत्रके वाटीत, वर्गणी गोळा करीत आणि सभासद नोंदवीत. ही जागा शहराच्या मालकीची आहे असा सर्वांचा समज होता, व तो अगदीच निराधार नव्हता; कारण विद्यापीठाच्या नियामक मंडळाने १९५९ साली ती शहराच्या स्वाधीन करण्याचा ठराव केला होता. ठरावाची अंमलबजावणी मात्र झाली नाही. ही गोष्ट १९६४ साली अधिकाऱ्यांच्या ध्यानी आली, आणि विद्यापीठाचे वर्तनविषयक नियम ह्या २६ फुटांनाही लागू आहेत, असे पत्र विद्यार्थ्यांच्या डीन कॅथरिन टोल ह्यांनी १४ सप्टेंबर रोजी संघटनांच्या प्रमुखांस धाडले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत जे घडले ते 'फ्री स्पीच मूव्हमेंट' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. धरणे, अटका आणि सभा ह्यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. वादाचे मूळ मात्र एका शब्दभेदात होते, आणि त्याकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही.

हा भेद जुना होता. १९३४ साली, मंदीच्या व कामगारसंघर्षाच्या काळात, विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल ह्यांनी एक नियम जारी केला. ज्ञानाचा शोध घेणे व ते पुढील पिढीच्या हाती देणे हे विद्यापीठाचे कार्य; एखाद्या मताचे अनुयायी मिळविणे हे त्याचे कार्य नव्हे, असा त्याचा आशय होता. विद्यापीठ राजकीय व सांप्रदायिक प्रभावापासून मुक्त राहावे, असे कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच म्हटले आहे. स्प्राउल ह्यांस त्या कलमाचा आधार होता. हा नियम केवळ दडपशाहीच्या हेतूने झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्याच्या तिजोरीवर चालणारी संस्था विधिमंडळाच्या रोषापासून वाचविण्याचा तो एक मार्ग होता. परंतु परिणाम असा झाला, की १९५६ साली अध्यक्षपदाचे उमेदवार ॲडले स्टीव्हन्सन ह्यांस विद्यापीठाच्या हद्दीबाहेर रस्त्यावर उभे राहून विद्यार्थ्यांपुढे भाषण करावे लागले.

१९५८ साली अध्यक्ष झालेले डॉ. क्लार्क कर हे उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्याच कारकीर्दीत, १९६३ साली, कम्युनिस्ट वक्त्यांवरील बंदी उठविण्यात आली. म्हणजे कोणतेही मत ऐकण्यास आता आडकाठी उरली नव्हती. आडकाठी होती ती मताचे रूपांतर कृतीत करण्यास. २१ सप्टेंबरपासून लागू झालेल्या सुधारित नियमांत ही गोष्ट स्पष्ट झाली: मेजे मांडता येतील, पण ती माहिती देण्यापुरती, हद्दीबाहेरील राजकीय वा सामाजिक कृतीचा पुरस्कार करणे, तिच्यासाठी निधी जमविणे वा माणसे नोंदविणे निषिद्ध. आठवड्याभरातच, २८ सप्टेंबर रोजी, बर्कली शाखेचे कुलगुरू एडवर्ड स्ट्राँग ह्यांनी आणखी एक सवलत जाहीर केली. निवडणुकीतील उमेदवारांचे व जनमताला टाकलेल्या प्रस्तावांचे प्रचारसाहित्य वाटता येईल. म्हणजे 'अमुक प्रस्तावाच्या विरुद्ध मत द्या' असे सांगणे आता चालणार होते. 'अमुक हॉटेलापुढील निदर्शनांस या' असे सांगणे चालणार नव्हते. दोन्ही वाक्ये आज्ञार्थी आहेत. दोन्ही श्रोत्यास कृती करण्यास सांगतात. भेद वाक्यांत नसून, कोणती कृती अधिकाऱ्यांस सोसवते आणि कोणती नाही, ह्यात होता.

माहिती व पुरस्कार ह्यांतील सीमारेषा व्याकरणाच्या आधारे आखता येईल काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. 'शनिवारी सकाळी दहा वाजता हॉटेलापुढे निदर्शने आहेत' हे वाक्य घ्यावे. क्रियापद स्वार्थी आहे. त्यात आज्ञा नाही, विनंती नाही, विशेषणसुद्धा नाही. तरी मेजामागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या तोंडी ते निमंत्रण होते, आणि तेच वाक्य पोलीस अधिकाऱ्याच्या दैनिक सूचनेत आले तर बंदोबस्ताचा इशारा होते. उलटपक्षी, 'तुम्ही जावे की न जावे, हे तुम्ही ठरवा' ह्या वाक्यात विध्यर्थ दोनदा येऊनही पुरस्कार नाही. क्रियापदाचा अर्थ आणि बोलणाऱ्याचे प्रयोजन ह्या दोन स्वतंत्र गोष्टी होत. नियम लिहिणाऱ्यांनी त्या एकच मानल्या.

आपल्याकडील मीमांसकांस ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. वेदाचे तात्पर्य विधीत असेल, तर नुसती वस्तुस्थिती सांगणाऱ्या वाक्यांचे काय करावयाचे? वायू ही अतिशय वेगवान देवता होय, ह्या विधानाने कोणतेच कर्म सांगितले जात नाही. त्यांचे उत्तर असे, की असे वाक्य हा अर्थवाद होय. ते स्तुतीच्या द्वारा शेजारच्या विधीस बळ देते आणि त्या विधीशी एकवाक्यता पावून सार्थ होते. मिसिसिपीत काळ्या नागरिकांस मतदार म्हणून नोंदवून घेतले जात नाही, हे विधान वर्गणीच्या डब्याशेजारी उच्चारले गेले म्हणजे नेमके हेच घडते. डबा हलविला तर विधान माहिती ठरते. डबा ठेवला तर ते आवाहन होते. शब्द तेच राहतात.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा शाब्दिक खेळ नव्हता. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी काही जण मिसिसिपीत मतदारनोंदणीच्या मोहिमेवर गेले होते. चळवळीचा पुढे प्रमुख वक्ता ठरलेला मारिओ सॅव्हिओ हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी त्यांतलाच एक. त्या मोहिमेत माणसे मारली गेली होती. परत आलेल्या तरुणांस वर्णद्वेषाविषयी माहिती देण्याची मुभा होती, पण मदतीस या, असे म्हणण्याची नव्हती. ३० सप्टेंबर रोजी नियमभंगाबद्दल सॅव्हिओसह आठ विद्यार्थ्यांस बेमुदत निलंबित करण्यात आले. ह्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या अध्यापकसमितीने नोव्हेंबरात दिलेल्या अहवालात नियमांच्या संदिग्धतेवर बोट ठेवले, आणि पुष्कळांनी नियम मोडला असता थोड्यांनाच वेचून काढल्याबद्दल प्रशासनास दोष दिला. संदिग्ध नियमाचा हा गुण सर्वत्र आढळतो. तो सर्वांवर लागू करता येत नाही, म्हणून निवडक माणसांवर लागू होतो.

१ ऑक्टोबरच्या दुपारी मेजावर बसलेल्या एका माजी विद्यार्थ्यास अटक झाली, आणि त्यास नेणारी पोलीसगाडी जमावाने ३२ तास जागच्या जागी अडवून धरली. नंतरच्या वाटाघाटींचा तपशील येथे गौण आहे. महत्त्वाचा टप्पा म्हणजे २० नोव्हेंबरचा नियामक मंडळाचा ठराव. त्याने पुरस्कारावरील बंदी उठविली, पण नवी रेषा ओढली: हद्दीबाहेरील कायदेशीर कृतीसाठी विद्यापीठाच्या जागेचा उपयोग करता येईल, बेकायदेशीर कृतीसाठी नाही. वरकरणी हे वाजवी वाटते. परंतु नागरी हक्कांच्या चळवळीत एखादे धरणे बेकायदेशीर होते की नव्हते, हे पुष्कळदा न्यायालयात आणि तेही फार उशिरा ठरे. तो निर्णय विद्यापीठाच्या कार्यालयाने आधीच करावा, आणि मेजावरील बोलण्यावरून करावा, असा ह्या ठरावाचा अर्थ होता.

२ डिसेंबर रोजी विद्यार्थी स्प्राउल हॉलमध्ये शिरून बसले व दुसऱ्या दिवशी सुमारे ८०० जणांस अटक झाली. ८ डिसेंबरच्या सभेत अध्यापकांनी ८२४ विरुद्ध ११५ मतांनी जो ठराव संमत केला, त्यात भाषणाच्या वा पुरस्काराच्या आशयावर विद्यापीठाने निर्बंध घालू नयेत, केवळ वेळ, स्थळ आणि रीत ह्यांचे नियमन करावे, असे म्हटले होते. हिंसेस तत्काळ उद्युक्त करणारे भाषण ह्यातून वगळावे, अशी प्रा. लुईस फॉयर ह्यांची दुरुस्ती सभेने फेटाळली. हे उत्तर रेषा नाहीशी करणारे नव्हते. ते रेषा शब्दांवरून उचलून ध्वनिवर्धकाचा आवाज, रहदारीचा मार्ग आणि घड्याळ ह्यांवर नेऊन ठेवणारे होते. ह्या गोष्टी मोजता येतात, आणि त्यांतच त्याचे शहाणपण होते. उच्चार हीच एक कृती असते, हा विचार मांडणारे जे. एल्. ऑस्टिन १९५८ साली ह्याच विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ साली, ग्रंथरूप झाली. त्यांचे शिष्य व 'स्पीच ॲक्ट्स' ह्या १९६९ च्या ग्रंथाचे कर्ते जॉन सर्ल हे तर विद्यार्थ्यांची बाजू आरंभीच घेणाऱ्या अध्यापकांपैकी होते. तथापि ऑस्टिनच्या सिद्धांतामुळे चळवळ झाली असे कोणी समजू नये. खरे तर हा सिद्धांत प्रशासनाच्याही कामी आला असता: उच्चार ही कृती असेल, तर वर्तनाचे नियम तिला का लागू होऊ नयेत?

ह्या शंकेस पुढील वसंतातच निमित्त मिळाले. जानेवारी १९६५ मध्ये स्ट्राँग ह्यांच्या जागी आलेल्या मार्टिन मायरसन ह्यांनी मेजांस परवानगी दिली आणि स्प्राउल हॉलच्या पायऱ्या ठरावीक वेळी भाषणांसाठी खुल्या केल्या. मार्चमध्ये एका तरुणाने एकच अश्लील शब्द लिहिलेला फलक हाती धरला व त्यास अटक झाली. त्या फलकात ना माहिती होती ना पुरस्कार. शब्दाचा वापर हा आशयाचा भाग की रीतीचा, ह्याबद्दल डिसेंबरच्या ठरावात एक अक्षरही नव्हते. ९ मार्च रोजी कर व मायरसन ह्या दोघांनीही राजीनाम्याचा मनोदय जाहीर केला. तो पुढे मागे घेण्यात आला. शिक्षा मात्र विद्यार्थ्यांस झाल्या, आणि ह्या वेळी अध्यापकांतील फारच थोडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले.