आनंदी देशातून आलेली माणसं

भूतान म्हटलं की आपल्याला 'आनंदी देश' आठवतो. नात्यातलं कुणीतरी सहलीला जाऊन आलेलं असतं, फोटोही सुंदर असतात. पण याच देशातून सुमारे लाखभर माणसं बाहेर काढली गेली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

ही माणसं म्हणजे ल्होत्शाम्पा. दक्षिण भूतानमधले, नेपाळी बोलणारे, बहुतेक हिंदू. संत्री आणि वेलदोडे पिकवणारे शेतकरी. १९८८ च्या जनगणनेत त्यांच्याकडे १९५८ सालचा रहिवासाचा पुरावा मागितला गेला. तीस वर्षांपूर्वीची कराची पावती किती जणांनी जपून ठेवलेली असणार? पुढे शाळांतून नेपाळी गेली, पोशाखाची सक्ती आली, १९९० मध्ये निदर्शनं झाली, आणि मग गावंच्या गावं रिकामी झाली. पूर्व नेपाळमधल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या. बांबूच्या झोपड्यांत एक अख्खी पिढी वाढली.

२००७ च्या अखेरीपासून त्यांना आठ देशांत वसवायला सुरुवात झाली. बहुतेक जण अमेरिकेत गेले. पक्कं घर, शाळा, दवाखाना, पुढे नागरिकत्व. 'सुटले बिचारे' असंच कुणीही म्हणेल.

पण फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत त्यांच्यातल्या सोळा जणांनी आत्महत्या केल्या. लाखामागे वर्षाला वीसच्या वर. तेव्हा अमेरिकेचं प्रमाण साधारण साडेबारा होतं. सरकारी आरोग्य खात्याने चार राज्यांतल्या चारशेवर लोकांशी बोलून पाहणी केली. जुन्या आघाताच्या आठवणींनी छळणारा आजार, म्हणजे पीटीएसडी, पाच टक्क्यांहूनही कमी लोकांत दिसला. नैराश्य मात्र पाचात एकाला.

जीव द्यावासा वाटणाऱ्यांत काय वेगळं होतं? घर आपल्या कमाईवर चालत नाही. घरात नवीच भांडणं. आधाराला कुणी नाही. आणि एकूणच बहुतेकांची पहिली अडचण भाषेची. मला तर डोळ्यांसमोर दिसतो तो घरातला कर्ता पुरुष. छावणीत काही नव्हतं, तरी त्याच्या शब्दाला वजन होतं. इथे डॉक्टरांशी बोलायलाही त्याला शाळकरी नातवाला बरोबर न्यावं लागतं.

२००५ मध्ये जगभरच्या ५६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यातही हेच दिसलं. ज्यांना स्वतःचं कायमचं घर आणि कमाईची संधी मिळाली, त्यांचं मन त्यातल्या त्यात बरं राहिलं. वयस्क, जास्त शिकलेले, पूर्वी सुस्थितीत असलेले जास्त खचले. ज्याचं जास्त गेलं त्याला जास्त लागलं, इतकं साधं आहे ते.

निर्वासित भेटला की आपण विचारतो, 'तिकडे काय भोगलंत?' त्याबरोबर 'इथे काम मिळालं का? बोलायला कुणी आहे का?' हेही विचारायला हवं. मागचं आपल्याला बदलता येत नाही, पण एवढं तर हातात असतं.