धारणीचे रेशन : चोपडीपासून अंगठ्यापर्यंत

धारणी तालुका अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. परतवाडा सोडले की घाट लागतो आणि सेमाडोह, हरिसाल करत रस्ता धारणीला उतरतो. मध्य प्रदेशातले बुऱ्हाणपूर त्या मानाने जवळ, म्हणून व्यापाराची ओढ तिकडेच जास्त. धारणी ज्या डोंगराळ मेळघाटात येते, त्याच्या नद्या सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार. उन्हाळ्यात त्या पायी ओलांडता येतात. आषाढात मात्र पलीकडची गावे तुटतात. इथे धान्य पोचवण्याचा इतिहास या नद्या सोडून सांगता येत नाही.

वऱ्हाडाच्या सपाट भागात मालाच्या ने-आणीची साखळी फार आधी उभी राहिली. तिच्यामागे कापूस होता. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७०मध्ये खामगावची शाखा लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. १८८६मध्ये कारंज्याचा बाजार नियमाखाली आला, आणि १८९७च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने वजन, काटा, अडत यांना शिस्त लावली. मेळघाटाकडे सरकारचे लक्ष गेले ते सागवानासाठी. १८६०च्या दशकातच इथली जंगले राखीव होऊ लागली. खाली सागाचे ओंडके उतरत होते. वर जात होते मीठ, कापड आणि सावकार. इथल्या कोरकू आदिवासींचे धान्य म्हणजे कोदो, कुटकी, ज्वारी, मका. ते घरचे, म्हणून त्याची साखळी लागत नव्हती. ते पुरेनासे झाले तेव्हा आठवडी बाजारातल्या उधारीवर घर चालू लागले आणि मोहाच्या मोसमात ती उधारी फिटू लागली.

ही उधारी मोडण्याचा पहिला सरकारी प्रयत्न आदिवासी विकास महामंडळाचा. महामंडळ १९७२मध्ये स्थापन झाले. पुढे १९७६च्या कायद्याने आदिवासी भागात शेतमाल आणि गौण वनोपजाची एकाधिकार खरेदी आली, तिच्या जोडीला खावटी कर्ज आले. कागदावर योजना नेटकी होती: माल केंद्रावर विकायचा, पावसाळ्यात धान्य आणि रोख उचलायची, हंगामात फेडायची. पण खरेदी केंद्र दूर, चुकारा उशिरा, आणि व्यापारी दारात रोख घेऊन उभा. एकाधिकार हा शब्द गावात फारसा उतरला नाही.

१९९३मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली आणि प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोचला. १९९५मध्ये नवसंजीवन योजना आली. आरोग्य, रोजगार आणि धान्य एकत्र बांधणाऱ्या या योजनेतली सर्वांत साधी तरतूद बहुधा सर्वांत उपयोगी ठरली: नद्या भरण्याआधी तुटणाऱ्या गावांत पावसाळ्याचे धान्य नेऊन ठेवायचे. ही पुरवठ्याची तरतूद पंचांग पाहून केलेली होती, आणि ज्या कोणी ती सुचवली त्याने सिपनेचा पूर पाहिलेला असणार.

रेशनची मूळ साखळी मात्र तीच राहिली. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून धान्य तालुक्याच्या शासकीय गोदामात, तिथून स्वस्त धान्य दुकानात, तिथून कार्डावर. प्रत्येक टप्प्याला आपला शब्द होता: नियतन म्हणजे मंजूर वाटा, मग उचल, वाटप, शिल्लक. गोदामात पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या हातात आकडे, परखी खुपसून काढलेला मूठभर गव्हाचा नमुना आणि गोदामपालाची नोंदवही. दुकानात वेगळी चोपडी. दोन्ही वह्या एकमेकींशी कधी बोलत नसत, आणि त्या दोन वह्यांमधल्या अंतरात पोती नाहीशी होत. वाहतुकीतली तूट आणि खुल्या बाजारात गेलेले धान्य यांतला फरक नोंदवहीवरून कळत नसे. १९९९पासून राज्यात पिवळे, केशरी आणि पांढरे असे तिरंगी कार्ड आले. २०००च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अंत्योदय योजनेने अतिगरीब घराला महिन्याला ठरावीक धान्य दिले, पुढे ते ३५ किलो झाले. हक्क वाढत गेला. वही तीच राहिली.

संगणक आला तो वरून खाली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वाधवा समितीने रेशनच्या संगणकीकरणाचा आग्रह धरला होता. केंद्राने २०१२-१३मध्ये त्यासाठी योजना मंजूर केली. चार कामे होती: कार्डांची यादी संगणकावर आणणे, नियतन ऑनलाइन काढणे, गोदामाची आवक-जावक नोंदवणे आणि शेवटी दुकानात अंगठ्याने ओळख पटवून वाटप नोंदवणारे ई-पॉस यंत्र बसवणे. पुरवठा खाते तिसऱ्या कामाला सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणू लागले. एखाद्या कंपनीत शोभेल असा शब्द तहसील कचेरीत रुळला. चारांपैकी पहिल्या तीन कामांची चर्चा कमी झाली, पण दोन वह्यांमधले अंतर मिटवण्याची ताकद त्यांच्यातच होती. गोदामातून किती पोती निघाली हे दुकानाच्या खात्यावर आपोआप चढले, तर वाटेतल्या पोत्याला लपायला जागा राहत नाही.

छत्तीसगडने हे आधी करून दाखवले होते, आणि तिथला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. २००४च्या आदेशाने त्या राज्याने दुकाने खासगी परवानेदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली. धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी सरकारने घेतली. संगणकाची नोंद मग या घडीवर बसली.

महाराष्ट्रात सुमारे ५२ हजार दुकानांत ई-पॉस पोचले ते मुख्यतः २०१७ आणि २०१८मध्ये. फेब्रुवारी २०१७च्या केंद्राच्या अधिसूचनेने रेशनला आधार जोडले होतेच. दुकानातले दृश्य बदलले. काट्याआधी अंगठा आला. बाई पदराला बोट पुसते, यंत्राच्या काचेवर टेकवते. यंत्र नाही म्हणते, मग दुसरे बोट, मग घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक. जंगलात लाकूड तोडणाऱ्या, शेतात निंदण करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, याचा यंत्र बनवताना कुणी विचार केलेला दिसत नाही. त्यापुढची अडचण रेंजची. सातपुड्यातल्या दुर्गम गावांत दुकानदार सिग्नल मिळेल त्या टेकाडावर यंत्र नेई, लोक मागे चालत, आणि अंगठे उमटवून धान्यासाठी पुन्हा खाली येत. २४ ऑक्टोबर २०१७ला केंद्रानेच राज्यांना कळवले की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाचे धान्य अडवू नये. अशा वाटपाची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. म्हणजे जी वही हद्दपार करायची होती, तीच अपवादासाठी परत आली. ती परत आली हे बरेच झाले.

याच तालुक्यातले हरिसाल या काळात देशभर माहीत झाले. नोव्हेंबर २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने राज्य सरकारबरोबर हे गाव डिजिटल करण्याची घोषणा केली. टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट आणण्याचा प्रयोग इथे झाला, कारण या लहरी झाडी आणि उंचवट्यांना साध्या वाय-फायपेक्षा कमी अडतात. जंगलातल्या गावासाठी कल्पना योग्य होती. पण मनोऱ्याला वीज लागते, बिघाड झाला की दुरुस्तीला माणूस लागतो, आणि प्रकल्प संपल्यावर खर्च कुणी करायचा हे ठरलेले असावे लागते. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभांमधून हरिसालच्या चित्रफिती दाखवून डिजिटल गावाच्या जाहिरातीतल्या दाव्यांवर प्रश्न उभे केले, आणि गाव राजकारणाचा दाखला होऊन बसले. दोन्ही बाजूंच्या घोषणांत लहरींचा मूळ प्रयोग मागे पडला.

पुढच्या वर्षांत साखळीत तीन बदल झाले. ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालू लागले. कामासाठी बाहेर जाणाऱ्या मजुराला यंत्राचा हा थेट उपयोग होता. जानेवारी २०२३पासून धान्याचे पैसे घेणे बंद झाले. आणि २०२४मध्ये जुनी टू-जी यंत्रे जाऊन फोर-जी यंत्रे आली, सोबत बुबुळ ओळखणारा कॅमेरा. झिजलेल्या बोटांना पर्याय मिळायला यंत्र आल्यापासून सहा-सात वर्षे लागली. नव्या यंत्रांबरोबर सर्व्हर बंद पडण्याच्या तक्रारीही राज्यभर आल्या.

मे २०२५मध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य पावसाळ्याआधी एकदम उचलून वाटायला सांगितले. मेळघाटच्या तुटणाऱ्या गावांत ही पद्धत १९९५पासून होती.