इंग्रजी सब्जंक्टिव्ह आणि मराठी संकेतार्थ

‘पाऊस पडता तर ज्वारी पिकती’ हे वाक्य कर्जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात कोणास शिकवावे लागत नाही. परंतु ‘इफ आय वेअर’ पाहताच येथील विद्यार्थी विचारतो, एकवचनी कर्त्यास अनेकवचनी क्रियापद कसे? ‘हा अपवाद समजा’ असे उत्तर प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे दिले. ते उत्तर चुकीचे होते.

हे ‘वेअर’ मुळात अनेकवचन नव्हेच. प्राचीन इंग्रजीत भूतकाळी स्वार्थाचे एकवचन ‘वॅस’ असे होते, तर सब्जंक्टिव्हचे एकवचन ‘वॅरे’ असे. पुढे अंत्य स्वर क्षीण झाले, नकार गळाला आणि बहुतेक धातूंची ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून गेली. ‘असणे’ या अर्थाच्या धातूत मात्र जुना भेद टिकला. म्हणजे आपण ज्यास अपवाद म्हणतो, तो एका संपूर्ण व्यवस्थेचा अवशेष होय.

दुसरा घोटाळा परिभाषेचा आहे. लिंडले मरे याने १७९५ च्या आपल्या व्याकरणात पाच ‘मूड’ मानले. हा साचा मूळचा लॅटिन व्याकरणाचा. मराठीत दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले (दादोबांनी पुढे नगरास डेप्युटी कलेक्टरीही केली, हे येथील वाचकांस रुचेल), तर मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ ही चतुष्टयी आपल्या शालेय व्याकरणांत रूढ झाली आणि सब्जंक्टिव्ह म्हणजे संकेतार्थ, असे समीकरण वर्गावर्गांतून पाठ होऊ लागले.

ते निम्मेच खरे आहे. ‘इफ ही वेअर’ यास संकेतार्थ चालेल; परंतु ‘ते मागतात की ही बी प्रेझेंट’ येथे मराठी ‘त्याने हजर असावे’ म्हणते, आणि हा विध्यर्थ आहे. शिवाय आपली दोन्ही रूपे कृदन्तोद्भव आहेत: ‘पडता’ हे वर्तमानकालवाचक धातुसाधितापासून, ‘असावे’ हे संस्कृत ‘तव्य’प्रत्ययान्तापासून. इंग्रजी रूपे मात्र जुनी तिङन्ते आहेत.

आपल्या जुन्या वैयाकरणांनी ताख्यात, वाख्यात अशी रूपावरून नावे देऊन रूप व अर्थ निराळे ठेवले होते. इंग्रजीच्या अध्यापनात हाच विवेक अधिक उपयोगी पडतो. विद्यार्थ्यास प्रथम ‘वेअर’ व ‘बी’ ही दोन रूपे निरनिराळी दाखवावीत आणि मगच त्याला विचारावे, येथे तू मराठीत ‘असता’ म्हणशील की ‘असावा’?